गिफ्ट कार्डापेक्षा पावती बरी

पुष्कळजण म्हणतात, ख्रिसमसला वस्तू शोधत बसण्यापेक्षा सरळ दुकानाचं गिफ्ट कार्ड द्यावं, डोक्याला ताप नाही. अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना विचारून हिशोब मांडला होता: भेटीवर खर्च झालेल्या पैशांतला दहावा ते तिसरा हिस्सा घेणाऱ्याच्या लेखी वायाच जातो. पण कार्डांचीही गंमतच! आमच्या न्यू जर्सीच्या घरी खणात रबरबँड लावून पाच-सहा पडलीयेत, कुणात साडेतीन डॉलर उरलेत, कुणात दोन. त्यापेक्षा भेटीसोबत गिफ्ट रिसीट बरी, म्हणजे वस्तू परत करता येईल किंवा बदलता येईल अशी पावती. तिच्यावर किंमत नसते, देणाऱ्याची अब्रू शाबूत राहते. गेल्या २६ डिसेंबरला स्वेटर परत करायला रांगेत उभी होते, तर पुढे ऑफिसातला सहकारी. मी 'सीक्रेट सँटा' म्हणून, म्हणजे ऑफिसात नाव न सांगता, त्याला दिलेला कॉफीचा मग हातात घेऊन!