आईचा फक्त डावा हात भरून येतो, स्क्लेरोडर्मा आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही जिंतूर तालुक्यातले. आईला (वय ५४) ६ वर्षांपासून स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होण्याचा आजार) आहे. थंडीत दोन्ही हातांची बोटं पांढरी, मग निळी, शेकली की लाल, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. निफेडिपिन (रक्तनळ्या सैल करणारी गोळी) चालू आहे.

दिवाळीपासून मात्र वेगळंच सुरू झालं. फक्त डावा हात. कापूस वेचताना, भाकरी थापताना पाच-दहा मिनिटांत भरून येतो, कळ येते, थोडं टेकलं की उतरते. भर उन्हातही होतं, म्हणजे थंडीचा संबंध नाही. परवा दवाखान्यात बीपी उजव्या हातात वरचा १३८, डाव्यात १०४. सिस्टर म्हणाल्या मशीन बिघडलंय, उजव्याचाच लिहिते. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पण डाव्या मनगटाची नाडी मला स्वतःलाही लागत नाही हो.

हा तोच आजार की दुसरं काही? कोणाला दाखवू?

उत्तर
दादा, मशीन नसेल बिघडलं. स्क्लेरोडर्मा बहुतेक बोटांतल्या बारीक रक्तनळ्या धरतो, कधी मनगटाजवळची अल्नर रोहिणीही. दोन हातांत ३४ चा फरक म्हणजे अडथळा वर, हासळीच्या हाडामागच्या सबक्लेव्हियन रोहिणीत असू शकतो. माझ्या जावेला हाच आजार, तिच्या मानेत जास्तीची बरगडी निघाली, तीही ही रोहिणी दाबू शकते; साध्या एक्स-रेत दिसली. याशिवाय चरबीचा थर, गुठळी (त्यासाठी अँटिफॉस्फोलिपिड ही रक्ताची तपासणी करतात) किंवा मोठ्या रोहिणीची सूज, हीही कारणं असू शकतात. सूज निघाली तर स्टेरॉइड देतात, आणि स्क्लेरोडर्मात जास्त डोसचं स्टेरॉइड किडनीवर उलटू शकतं. म्हणून व्हॅस्क्युलर (रक्तनळ्यांच्या) सर्जनकडे गेलात तरी संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नका. आधी हाताचा आर्टिरियल डॉपलर (रोहिणीतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करा. सीटी अँजिओ (शिरेत औषध सोडून काढलेला रक्तनळ्यांचा स्कॅन) सांगितला तर अगोदर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी).

बीपी इथून पुढं उजव्याचाच धरा. या आजारात किडनीमुळे तो एकदम चढू शकतो, डाव्या हातावर कळणारही नाही. बोट काळं पडलं किंवा हात अचानक गार पडून ठणकला तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. मिश्री लावतात का? तंबाखूनं रक्तनळ्या आवळतात.

मूळ प्रश्नकर्ता
लावते ताई. बंद कर म्हणलं की चिडते. सोमवारी संभाजीनगरला नेतोय, दोन्ही हातांचे आकडे कागदावर लिहून घेतलेत. डॉपलरचा रिपोर्ट आला की इथंच टाकतो.