घरच्या कॉम्प्युटरला वेगळा अँटिव्हायरस हवाच का?

निळीशाई

नवा कॉम्प्युटर घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "अँटिव्हायरस कुठला टाकायचा?" माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे आणि त्यावर वाद व्हावा म्हणूनच धागा काढतोय. विंडोज ११ असलेल्या घरगुती मशीनवर वेगळा अँटिव्हायरस टाकू नका. विंडोजसोबत येणारा डिफेंडर ठेवा आणि अर्धा तास त्याच्या सेटिंग्जना द्या.

दहा-बारा वर्षांपूर्वी हा सल्ला कुणी ऐकून घेतला नसता आणि ते बरोबरच होतं. अँटिव्हायरस तपासणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळांच्या याद्यांत मायक्रोसॉफ्टचं उत्पादन तेव्हा तळाशी असायचं. आता चित्र पालटलंय. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, मशीनचा वेग आणि वापरातला त्रास या तिन्हींना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. डिफेंडर बहुतेक वेळा १८ किंवा त्याच्या अगदी जवळ असतो. पैसे भरून वर जे काही मिळतं ते घरच्या माणसाला जाणवणारही नाही. जाणवतात ते मुदत संपत आल्याचे इशारे, न मागितलेला व्हीपीएन आणि ब्राउझरमध्ये परस्पर येऊन बसलेलं एक्स्टेन्शन.

सेटिंग्जचं सांगतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना ते आधी बघा. ते चालू असेल तर एखाद्या घातक प्रोग्रामला डिफेंडर परस्पर बंद करणं अवघड जातं. मग 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन नको असलेली ॲप अडवायचा पर्याय चालू करा. फुकटच्या सॉफ्टवेअरला चिकटून येणारा बराचसा कचरा तिथे अडतो. तिसरी गोष्ट कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. ही सोय २०१७च्या अखेरीस आली, पण मुळात बंदच असते. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या फायली अनोळखी प्रोग्रामला बदलता येत नाहीत. रॅन्समवेअरला, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला, नेमकं तेच करायचं असतं.

आणि माझ्या लेखी या सगळ्यांहून महत्त्वाचं म्हणजे रोजच्या कामाला स्टँडर्ड अकाउंट (मशीनमध्ये मोठे बदल करायचे अधिकार नसलेलं) वापरा. ॲडमिनिस्ट्रेटरचं अकाउंट वेगळं, त्याचा पासवर्डही वेगळा.

चौकस

असहमत. "अर्धा तास द्या" इथेच सगळं अडतं. जो माणूस "कुठला टाकू" असं विचारतो, तो ही पानं उघडत नाही. त्याला उघडायचीही नसतात आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. संरक्षण असं हवं की टाकलं आणि विसरलं तरी बहुतेक गोष्टी चालू राहतील. तुम्ही रॅन्समवेअरवर जो उपाय सांगताय तो मायक्रोसॉफ्टने स्वतःच बंद ठेवलाय. काही पेड अँटिव्हायरसांत त्या जातीचं संरक्षण पहिल्या दिवसापासून चालू असतं.

दुसरं, ब्राउझर. फसव्या वेबसाइट अडवणारा मायक्रोसॉफ्टचा स्मार्टस्क्रीन त्यांच्याच एज ब्राउझरमध्ये पूर्ण ताकदीने चालतो. क्रोम आणि फायरफॉक्स गूगलच्या सेफ ब्राउझिंगवर विसंबतात. ते वाईट नाही, पण घरात प्रत्येकाचा ब्राउझर निराळा असेल तर प्रत्येकाचं संरक्षणही निराळं. पेड अँटिव्हायरसचा वेब फिल्टर सहसा सगळ्या ब्राउझरांना लागू होतो.

आणि ज्या प्रयोगशाळांचा तुम्ही दाखला देताय त्यांचे अहवाल गुणांच्या खालीही वाचा. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज इंटरनेट असताना आणि नसताना असे ओळख पटण्याचे दोन वेगळे आकडे देते. डिफेंडरचा बराच भार मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. नेट बंद असताना कुणाचा पेनड्राइव्ह लावला की तो उणा पडतो.

निळीशाई

ऑफलाइनचा मुद्दा मान्य. पण घरचं मशीन दिवसातून किती वेळ नेटशिवाय असतं?

वेब फिल्टरबद्दल मात्र सावध राहायला हवं. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातलं बोलणं कूटबद्ध असतं. ते बाहेरून वाचायचं तर अँटिव्हायरसला स्वतःचं रूट सर्टिफिकेट (वेबसाइट खरी असल्याची ग्वाही देणारं मूळ ओळखपत्र) मशीनमध्ये बसवावं लागतं आणि प्रत्येक जोडणी मध्येच उघडून पुन्हा बंद करावी लागते. बरीच उत्पादनं हेच करतात. म्हणजे बँकेच्या पानापर्यंतची तुमची वाट त्या कंपनीच्या हातातून जाते. तिथे त्यांच्याकडून ढिलाई झाली, तर ब्राउझर बनवणाऱ्यांनी इतकी मेहनत घेऊन उभं केलेलं संरक्षण तिथेच कमकुवत होतं.

विश्वासाचंही बोलू. अव्हास्टची जम्पशॉट नावाची उपकंपनी होती. वापरणाऱ्यांनी कुठल्या साइट पाहिल्या याची माहिती ती विकायची. जानेवारी २०२०मध्ये हे उघड झालं आणि जम्पशॉट बंद करावी लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४मध्ये या प्रकरणात अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला मनाई केली. संरक्षणासाठी बसवलेलं सॉफ्टवेअर हे करत होतं. मला याचा अजूनही राग येतो.

काटेकोर

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट निसटतेय. अँटिव्हायरस हा स्वतःच एक मोठा, गुंतागुंतीचा प्रोग्राम आहे. त्याला मशीनमध्ये सगळीकडे शिरकाव असतो आणि तो अनोळखी फायली उघडून बघत असतो. त्यामुळे हल्लेखोराला तोही दरवाजा म्हणून चालतो. सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणाऱ्या गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातले टॅव्हिस ऑर्मंडी यांनी २०१६मध्ये सिमँटेक आणि नॉर्टनच्या उत्पादनांत गंभीर भोकं दाखवून दिली. नुसती ईमेल येऊन पडली तरी पुरे, उघडायचीही गरज नाही, इतकी गंभीर. तेव्हा निळीशाई म्हणतील, "बघा!" पण त्याच ऑर्मंडींनी सहकाऱ्यासोबत मे २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्कॅन इंजिनमध्येही तशाच जातीचं भोक शोधलं, म्हणजे डिफेंडरमध्येच. मायक्रोसॉफ्टने ते झटपट बुजवलं आणि पुढे २०१८मध्ये डिफेंडरला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या मशीनपासून वेगळ्या बंदिस्त जागेत, चालवायची सोय केली, हे त्यांच्या बाजूने मोजायला हवं.

म्हणून माझा कौल निळीशाईंकडे, पण कारण वेगळं. डिफेंडर मशीनवर असतोच. दुसरा टाकला की आणखी एका कंपनीचा कोड सर्वोच्च अधिकारांनिशी आत येतो. जितकं कमी तितकं बरं.

अपडेटबद्दल इथे कुणीच का बोललं नाही? वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे २०१७मध्ये जगभर पसरला. तो ज्या भोकातून आत शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्या मशीनमध्ये तो त्या वाटेने शिरू शकला नाही, मग अँटिव्हायरस कुठलाही असो.

रातराणी

कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसबद्दल प्रत्यक्ष वापरातून सांगते. सल्ला ऐकायला छान आहे. चालू केलं की गेम सेव्ह होईनात, जुनं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फाइल लिहू शकेना, स्कॅनरचा प्रोग्राम अडकला. दर वेळी 'प्रोटेक्शन हिस्टरी'त जायचं, कुणाला अडवलंय ते बघायचं आणि परवानगी द्यायची. मी करते, कारण मला ते कळतं. घरातली बाकीची माणसं काय करतात? वैतागून सगळंच बंद करतात आणि ते बंद केलंय हे कुणालाच कळत नाही. ज्या मशीनची रोजची देखभाल तुम्ही करणार नाही तिथे हे चालू करून देऊ नका.

त्यापेक्षा तोच वेळ बॅकअपवर घालवा. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आणि बाहेरची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं आणि मग तो बॅकअप असून नसल्यासारखा. मधूनमधून त्यातून एखादी फाइल परत काढूनही बघा. कुठल्याही अँटिव्हायरसने निसटू दिलेलं संकट बॅकअप झेलतो, उलटं कधी होत नाही.

चौकस

रातराणींशी शंभर टक्के सहमत आणि त्यांनी माझाच मुद्दा सिद्ध केला.

निळीशाई, आता तुमच्या "सगळ्यांहून महत्त्वाच्या" गोष्टीकडे वळतो. २०२४पासून एक युक्ती फार पसरली आहे. एखादी साइट "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा" असं म्हणते आणि पायऱ्या सांगते: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा माणूस स्वतःच्या हाताने चालवतो. आत येतो तो माहिती चोरणारा प्रोग्राम. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर लागतच नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज (तुम्ही आत शिरलेले आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) तुमच्या अकाउंटच्याच असतात, तुमच्याच हक्काने त्या उचलल्या जातात. इथे स्टँडर्ड अकाउंट काय अडवणार? इथे लागतो प्रोग्रामचं वागणं ओळखून थांबवणारा पहारा आणि तो दोन कंपन्यांचा कधीच सारखा नसतो.

निळीशाई

चोरी अडवणार नाही, हे खरं. पण चोर किती खोल जाईल ते ठरवेल. स्टँडर्ड अकाउंटमधून त्याला डिफेंडरला स्वतःसाठी अपवाद लिहून देता येत नाही, ड्रायव्हर बसवता येत नाही, घरातल्या दुसऱ्याच्या अकाउंटमधल्या फायली सहज वाचता येत नाहीत. साफसफाई करताना हा फरक फार मोठा असतो.

कुकीजवर उपाय मात्र अँटिव्हायरसच्या बाहेर आहे. पासवर्ड ब्राउझरमध्ये न ठेवता स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. ईमेल आणि बँकेतून काम झालं की लॉग-आउट करा. लागण झाल्याची शंका आली तर दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला आणि "सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा" हा पर्याय दाबा. चोरलेली कुकी चालू असेल तर चोराला ओटीपीही लागत नाही, त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. आणि घरातल्या प्रत्येकाला एक वाक्य सांगून ठेवा: कुठलीही खरी वेबसाइट विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही.

वाटसरू

मधेच विचारतो. माझ्याकडे विंडोज १० आहे, मशीन ११ घेत नाही. चांगला पेड अँटिव्हायरस टाकून आणखी काही वर्षं काढता येतील का? आणि दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले तर?

काटेकोर

दोन सतत जागे असणारे एकत्र नकोत. एकमेकांच्या फायली अडवत बसतात, मशीन रखडतं. दुसरा टाकला की डिफेंडर तसाही बाजूला होतो. कधीमधी दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती फक्त सांगाल तेव्हाच तपासते, ती चालेल.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर २०२८पर्यंत देत राहू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण खुद्द विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत आणि पेड अँटिव्हायरसनेही बुजत नाहीत. घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना होती, ती ऑक्टोबर २०२६पर्यंतची. त्यानंतर त्या मशीनवर लिनक्स टाका किंवा त्यावरून बँकेचे व्यवहार बंद करा. या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

चौकस

वाटसरूंना दिलेल्या उत्तराशी सहमत. मूळ प्रश्नावर मी माझ्या जागीच आहे. ज्याला सेटिंग्जमध्ये शिरायचं नाही आणि ज्याच्या घरात हे बघणारं कुणी नाही, त्याने वेगळा अँटिव्हायरस जरूर घ्यावा. फक्त घेताना एकाच महिन्याच्या निकालावर जाऊ नका, वर्षभराचे बघा. खोटे इशारे किती देतो तो रकाना आवर्जून वाचा, कारण ऊठसूट ओरडणाऱ्या अँटिव्हायरसकडे माणसं लक्ष देईनाशी होतात आणि खरा इशाराही डोळ्यांआड होतो. टाकताना व्हीपीएन, क्लीनर, ब्राउझर एक्स्टेन्शन यांच्यासमोरच्या खुणा काढा. गोपनीयतेच्या पानावर माहिती वाटण्याचे पर्याय बंद करा. आधीचा अँटिव्हायरस त्याच कंपनीच्या काढून टाकणाऱ्या टूलने काढा, नाहीतर त्याचे अवशेष नव्याला त्रास देतात.

रातराणी

आणि चालू आहे की नाही ते तपासायला आयकार चाचणी फाइल वापरा. ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे, सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून ओळखतात. डाउनलोड केल्यावर ओरडा झाला नाही तर कुठेतरी काहीतरी बंद आहे. डिफेंडर असो वा चौकसांचा पेड, आपण सेट केलेल्या प्रत्येक मशीनवर ही चाचणी करूनच पुढे जा.