350 मीटरवरच्या दोन इमारतींमध्ये अवरक्त प्रकाशाची लिंक: सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल का?

टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड

नमस्कार. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. यंत्रमागांची शेड आणि जकार्डच्या डिझाइनचे ऑफिस रस्त्याच्या एका बाजूला आहे, तर शिलाई, पॅकिंग आणि हिशेबाचे ऑफिस पलीकडे, साधारण 350 मीटरवरच्या दुसऱ्या इमारतीत आहे. डिझाइनच्या फाइली, कॅमेऱ्यांचे चित्रण आणि मालाच्या नोंदींचे सॉफ्टवेअर यांसाठी दोन्ही इमारती एकाच नेटवर्कवर असणे आता गरजेचे झाले आहे. सध्या 5 गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक वापरतो, पण आजूबाजूच्या छपरांवर तशाच अँटेना इतक्या वाढल्या आहेत की दिवसा, नेमक्या कामाच्या वेळेत, वेग फार खाली येतो. रस्ता ओलांडून फायबर टाकायची तर खोदाईची परवानगी लागते आणि ती केव्हा मिळेल याचा भरवसा नाही.

एका विक्रेत्याने अवरक्त लेसरवर चालणारी, 1 गिगाबिट वेगाची बिनतारी लिंक सुचवली आहे. त्याच्या माहितीपत्रकात धुक्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. ऊन, धूळ आणि आमच्या भागात हवेत सतत तरंगणारे सुताचे तंतू यांविषयी काहीच नाही. टीव्हीच्या रिमोटमधला प्रकाश तो हाच का, त्यातून एवढा वेग कसा मिळतो, छपरावर काम करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांना त्याचा धोका आहे का आणि त्यासाठी सरकारी परवाना लागतो का, हे जाणकारांनी सांगितल्यास निर्णय घेणे सोपे जाईल.

प्रकाशिकीची शिक्षिका

नमस्कार. रिमोटचा प्रकाश आणि या यंत्राचा प्रकाश एकाच कुळातले आहेत, पण त्यांचे काम फार वेगळे आहे. रिमोटमधला एलईडी बहुधा 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि तो सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो. बटणाचा संकेत पोहोचवण्यासाठी एवढे पुरते. 1993 मध्ये स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशनने हाच प्रकार संगणक आणि मोबाइलमध्ये आणला. त्याचा सुरुवातीचा वेग सेकंदाला 115.2 किलोबिट होता आणि दोन्ही उपकरणे मीटरभर अंतरात समोरासमोर धरावी लागत. आपल्याला सुचवलेल्या यंत्रात एलईडीच्या जागी लेसर डायोड असतो. तो सेकंदाला अब्जावधी वेळा कमीजास्त करता येतो आणि त्याचा झोत अत्यंत अरुंद ठेवता येतो. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता सुमारे 193 टेराहर्ट्झ असते आणि दूर अंतराच्या फायबरमध्येही हाच प्रकाश धावतो. त्यामुळे वेगाच्या दाव्यावर संशय घेण्याचे कारण नाही. 2017 मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठात खोलीच्या आत 2.5 मीटर अंतरावर सेकंदाला 42.8 गिगाबिट वेग मिळवून दाखवण्यात आला होता. मोकळ्या हवेतले उदाहरण म्हणजे गूगलच्या मूळ कंपनीत सुरू झालेला तारा प्रकल्प. ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांदरम्यान, काँगो नदीच्या पात्रावरून, सुमारे 4.8 किलोमीटरची लिंक त्याने उभारली आणि 20 दिवसांत जवळजवळ 700 टेराबाइट माहिती वाहून नेल्याचे 2021 मध्ये जाहीर केले.

आपल्यापुढचा खरा प्रश्न प्रकाशाची किती हानी सोसता येईल हा आहे. झोत 2 मिलिरेडियन, म्हणजे दर 1000 मीटरला 2 मीटर, पसरत असेल, तर 350 मीटरवर त्याचा व्यास 70 सेंटिमीटर होतो. त्यातला 10 सेंटिमीटरच्या भिंगात शिरणारा प्रकाश अवघा दोन टक्के, म्हणजे सुमारे 17 डेसिबलची घट (दर 10 डेसिबलला प्रकाश एक दशांश उरतो). ही घट यंत्र बनवणाऱ्याने मुळातच धरलेली असते. ताशी 50 मिलिमीटर जोराचा पाऊस या अंतरावर आणखी सुमारे 5 डेसिबल खातो, त्यामुळे वळवाच्या सरीला फारसे भिण्याचे कारण नाही. धुक्याचे गणित निराळे आहे, कारण त्याचे थेंब मायक्रोमीटरच्या मापाचे आणि संख्येने अमाप असतात. दृश्यता 100 मीटरवर आली तर या अंतरातच 60 डेसिबलच्या आसपास घट होते आणि लिंक तुटते. सोलापूरच्या कोरड्या हवेत एवढे दाट धुके क्वचित पडते, आणि नेमके याच कारणामुळे धुक्यावर भर देणारे ते माहितीपत्रक आपल्या गावासाठी अपुरे आहे.

आपल्याकडे जपायचे ते तापलेल्या छपरांपासून. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपरावरून वर चढणाऱ्या गरम हवेची घनता क्षणोक्षणी बदलते, तिच्याबरोबर अपवर्तनांक, म्हणजे हवा प्रकाशाला किती वळवते त्याचे माप, बदलतो आणि झोताची तीव्रता भिंगावर सतत थरथरते. दुपारी हा परिणाम सर्वाधिक असतो, सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी थोडा वेळ तो सर्वांत कमी असतो. झोत छपराच्या पृष्ठभागापासून जेवढा उंच जाईल तेवढा तो घटतो. म्हणून दोन्ही यंत्रे मधल्या शेडच्या छपरांना खेटून न ठेवता शक्य तेवढ्या उंचीवर लावावीत आणि मोठ्या भिंगाचे किंवा एकापेक्षा अधिक झोत सोडणारे मॉडेल मागावे. मोठे भिंग थरथरीची सरासरी काढून ती सौम्य करते.

मात्र उंचीच्या लोभाने यंत्र लांब लोखंडी पाइपावर चढवू नये. 3 मीटर उंच आणि 10 सेंटिमीटर जाड पाइपाची उन्हातली बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा 10 अंशांनी अधिक तापली, तर लोखंडाच्या प्रसरणामुळे पाइपाचे टोक सुमारे 3.6 मिलिरेडियन कलते. 350 मीटरवर हे सव्वा मीटरहून अधिक सरकणे झाले आणि 70 सेंटिमीटरचा झोत पलीकडच्या भिंगावरून पूर्णपणे निघून गेला. सकाळी चालणारी आणि दुपारी बंद पडणारी लिंक दिसली, तर मी हवेच्या आधी पाइपावर संशय घेईन. पक्क्या बांधकामाची भिंत किंवा सिमेंटचा ठोकळा हाच खरा आधार. झोत आपोआप साधून धरणारी यंत्रणा असेल तर ती जरूर घ्यावी, पण तिच्या भरवशावर आधार कच्चा ठेवू नये.

डोळ्यांविषयी काळजीने लिहिते, कारण हा प्रकाश दिसत नाही आणि पापणी आपणहून मिटत नाही. साधारण 400 ते 1400 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या आत शिरून दृष्टिपटलावर एकवटतो; 850 नॅनोमीटरचे यंत्र त्या टप्प्यात येते. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, त्यामुळे त्याची सुरक्षित मर्यादा सुमारे 50 पट अधिक आहे. यंत्रावर लेसर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा वर्ग लिहिलेला असतो. वर्ग 1 असेल तर नेहमीच्या वापरात धोका नाही. वर्ग 1एम असेल तर दुर्बीण किंवा तत्सम भिंगातून झोताकडे पाहणे कटाक्षाने टाळावे. छपरावर चढणाऱ्या प्रत्येक कामगाराला हे मराठीत आणि तेलुगूतही सांगून ठेवावे, तसेच झोत माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी उंची ठेवावी.

परवान्याचे उत्तर थोडक्यात देता येते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमांत रेडिओ लहरींची व्याख्या 3000 गिगाहर्ट्झच्या आतल्या लहरींपुरती आहे, आणि हा प्रकाश त्याच्या कितीतरी पुढे आहे. त्यामुळे स्पेक्ट्रमच्या वाटपाचा प्रश्न इथे येत नाही.

नेटवर्कची कामे, विजापूर रोड

मॅडमनी सांगितलेल्या गोष्टींना कामाच्या बाजूने थोडी जोड देतो. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा परवान्यातून मोकळा झाला आणि औद्योगिक वसाहतींमध्ये तिथे गर्दी झाली. आपला वेग दिवसा पडतो त्याचे हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही ती रेडिओ लिंक काढून टाकू नका. अवरक्त लिंक मुख्य ठेवावी आणि ती तुटल्यावर स्विचने आपोआप रेडिओच्या वाटेने जावे, अशी रचना करून घ्यावी. वेग कमी होईल, पण पॅकिंगचे काम थांबणार नाही.

शक्य असेल तर छपरावरचे यंत्र आणि खालचा स्विच यांच्यामध्ये तांब्याची केबल न घेता फायबर घ्यावी. वळवाच्या दिवसांत जवळपास वीज पडली की तांब्यातून येणारा झटका थेट स्विचपर्यंत पोहोचतो. यंत्रालाही, स्विचलाही यूपीएस हवा.

सुताचे तंतू ही आपल्या भागाची खरी अडचण आहे. शेडच्या पंख्यांतून बाहेर पडलेले तंतू काचेवर चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि पहिल्या पावसात त्याचा थर होतो. म्हणून यंत्राची जागा पंख्यांच्या तोंडापासून दूर निवडावी आणि काच मऊ कापडाने ठरावीक दिवशी पुसण्याचे काम एका माणसावर सोपवावे. यंत्र खोलीत, खिडकीच्या साध्या काचेमागे ठेवता आले तर उत्तम. साध्या काचेत आठ टक्क्यांच्या आसपासच प्रकाश वाया जातो, पण रंगीत किंवा चकचकीत लेप असलेली काच मात्र चालणार नाही.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी

नमस्कार मॅडम. लाय-फाय, म्हणजे दिव्यांच्या प्रकाशातून माहिती पाठवणे, हे याच प्रकारातले तंत्र आहे ना? मग शेडमधल्या प्रत्येक मागाच्या नोंदी छतावरच्या अवरक्त दिव्यांमधून घेता येतील का? आम्ही प्रकल्पासाठी हा विषय घेण्याचा विचार करत आहोत.

प्रकाशिकीची शिक्षिका

होय, मूळ कल्पना तीच आहे. हे नाव एडिनबरा विद्यापीठातील हाराल्ड हास यांनी 2011 मध्ये लोकांसमोर आणले, तेव्हा चर्चा दिसणाऱ्या दिव्यांची होती. 2023 मध्ये मंजूर झालेल्या 802.11बीबी या बिनतारी नेटवर्कच्या मानकात मात्र 800 ते 1000 नॅनोमीटरचा अवरक्त पट्टा घेतला आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये त्याचा उपयोग मला कमी दिसतो. माग किती फेरे फिरला, धागा केव्हा तुटला एवढ्या नोंदींना गिगाबिटची गरज नसते, आणि हवेत तंतू असताना शेकडो भिंगे स्वच्छ ठेवणे हे काम नोंदी घेण्यापेक्षा मोठे होईल. आपला प्रकल्प छपरावर न्या: एकाच लिंकची प्रकाशतीव्रता आणि छपराचे तापमान दिवसभर नोंदवून त्यांचा संबंध काढा. सोलापूरच्या हवेवर केलेले असे मोजमाप इथल्या प्रत्येक कारखान्याच्या उपयोगी पडेल.

टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या इमारतीला पक्क्या छताची पाण्याची टाकी आहे आणि या बाजूला ऑफिसच्या दुसऱ्या मजल्याची भिंत आहे. मध्ये एक पत्र्याची शेड येते, पण ती दोन्हींपेक्षा बरीच खाली आहे. लिंकची दिशा जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. त्याने काही बिघडते का? आणि विक्रेत्याकडून लेखी काय मागावे?

प्रकाशिकीची शिक्षिका

दिशेने थोडा फरक पडतो. वर्षातल्या काही दिवशी उगवता किंवा मावळता सूर्य नेमका समोरच्या यंत्रामागे येतो, आणि तेवढी काही मिनिटे यंत्रातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाला सूर्याचा प्रकाश सहन होत नाही. एका यंत्राची उंची दुसऱ्यापेक्षा थोडी अधिक ठेवली, तर खालून वर पाहणाऱ्या यंत्राला क्षितिजालगतचा सूर्य टाळता येतो. वरून खाली पाहणाऱ्या यंत्राच्या नजरेत समोरच्या यंत्रामागे आकाश येतच नाही. टाकीची जागा चांगली आहे, मात्र टाकी भरताना आणि रिकामी होताना तिच्या वरच्या कडेला सूक्ष्म हालचाल होऊ शकते, म्हणून आधार टाकीच्या अंगावर न बसवता तिच्या खालच्या खांबांवर किंवा जिन्याच्या भिंतीवर घ्यावा.

लेखी मागायची गोष्ट म्हणजे 350 मीटरवर, स्वच्छ हवेत, किती डेसिबल शिल्लक राहते हा आकडा. तो 15 च्या खाली असेल तर मी घेणार नाही, कारण पाऊस, काचेवरचा थर आणि दुपारची थरथर यांना मिळून तेवढी जागा लागते. त्यासोबत लेसरची तरंगलांबी, सुरक्षेचा वर्ग आणि यंत्र किती तापमानापर्यंत चालते हेही लिहून घ्यावे. आपल्याकडे सावलीतच 42-43 अंश होतात आणि उन्हातल्या बंद खोक्यात त्याहून बरेच अधिक, त्यामुळे 50 अंशांची मर्यादा सांगणारे यंत्र छपरावर सावलीच्या पत्र्याशिवाय लावू नये.

नेटवर्कची कामे, विजापूर रोड

आणखी एक अट घाला. यंत्र मिळालेल्या प्रकाशाची पातळी स्वतः नोंदवून ठेवते का हे आधी पाहा, आणि मे महिन्यातल्या दुपारी 1 ते 4 या वेळेच्या नोंदी हाती आल्यानंतरच शेवटचा हप्ता द्यायचा असे ऑर्डरवरच लिहा. आत्ता, थंडीत घेतलेल्या चाचणीवर व्यवहार पूर्ण करू नका.