बीएस्सी मॅथ्स करून बीएड की चार वर्षांचं आयटेप (बीएस्सी-बीएड एकत्र, इंटिग्रेटेड)? मदत हवी आहे

धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप, आणि तिला गणितच शिकवायचंय हे पक्कं आहे (इंजिनिअरिंग सुचवू नका प्लीज, ते घरात सगळ्यांचं बोलून झालंय). आता दोन रस्ते दिसतायत, एक म्हणजे तीन वर्षं बीएस्सी मॅथ्स, मग सीईटी देऊन दोन वर्षं बीएड, एकूण पाच, नाहीतर एनसीईटी (आयटेपची प्रवेश परीक्षा) देऊन आयटेपचं बीएस्सी-बीएड, ते चारच वर्षांत होतं. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएचं माहितीपत्रक वाचलंय, जवळच्या बीएड कॉलेजात पण विचारून आलो, ते अर्थातच आपलाच कोर्स चांगला म्हणतात.

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलसाठी टेट (टीएआयटी, अभियोग्यता चाचणी) द्यावी लागते ते माहितीये, त्यावर नको. अडलंय ते पुढच्या एमएस्सीवर, कारण ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर पीजी लागतंच आणि आयटेपमध्ये निम्मा वेळ शिक्षणशास्त्र, इंटर्नशिप यातच जाणार. घरापासून लांब राहायला तयार आहे, फी मात्र सरकारी कॉलेजचीच झेपेल.

तर ज्यांनी इंटिग्रेटेड केलंय त्यांना एवढंच विचारायचंय, रिअल ॲनालिसिस, ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा नीट शिकवतात का, आणि त्या डिग्रीवर महाराष्ट्रातल्या विद्यापीठात एमएस्सी मॅथ्सला ॲडमिशन घेताना क्रेडिट कमी पडले का कोणाला?