विषय: चवथीची खरेदी – कार्ड कुठलं, परतावा कोणाचा?

खजिनदार, पर्वरी
मंडळी, शुक्रवारी म्हापशाचा बाजार. यादी गेल्या वर्षीचीच, साधारण ४०,००० रुपये, माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची छत) धरून. मंडळाचं कार्ड नाही, म्हणून एखाद्या सभासदाच्या बिनशुल्क क्रेडिट कार्डावर घेऊन मागाहून चेक द्यायचा आहे. जास्तीत जास्त परतावा (कॅशबॅक) कुठल्या कार्डावर? उद्या रात्रीपर्यंत कळवा.

भाई, फोंडा
पॉइंटवालं कार्ड नकोच. १०० रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटचे २५ पैसे धरले, तर ४०,००० वर ४०० पॉइंट, म्हणजे १०० रुपये. ते वटवायला बऱ्याच बँका ९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे ११६.८२. पदरचेच जातात. सरळ कॅशबॅक बघा. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय आजीवन मोफत आहे, बाहेरच्या दुकानात १ टक्का, म्हणजे ४०० रुपये. अ‍ॅमेझॉनवर प्राइम सभासदाला ५ टक्के, इतरांना ३. ताडपत्री आणि दिव्यांच्या माळा तिथूनच मागवा. परतावा अ‍ॅमेझॉन पे शिल्लक म्हणून येतो, रोख नाही. हप्त्यांवर घेतलं तर काहीच मिळत नाही.

ताई, म्हापसा
भाई, माटोळीचं काय? आंबाडे, कांगलां अशी माटोळीची फळं घेऊन बसलेल्या बायांकडे मशीन नसतं, क्यूआर असतो. यूपीआयला फक्त रुपे नेटवर्कचं क्रेडिट कार्ड जोडता येतं, तुम्ही सांगता ते व्हिसा नेटवर्कचं आहे. आणि रुपे असलं तरी क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. बाईच्या बचत खात्याचा असेल तर क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. माटोळीपुरती रोख वेगळी न्या. ती रोख कार्डावर एटीएममधून काढू नका, शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून चढतं.

सर, डिचोली
ताईंच्या रुपेबद्दल. नवं कार्ड घेणाऱ्याने अर्जातच रुपे मागावं. ६ सप्टेंबर २०२४ पासून बँकेने नेटवर्क निवडायला द्यायचं आहे, दहा लाख किंवा त्याहून कमी कार्डं चालू असलेल्या बँका सोडून. अर्जावर ‘आजीवन मोफत’ असं लिहिलंय का तेही बघा. ‘पहिलं वर्ष मोफत’ म्हणजे दुसऱ्या वर्षी ४९९ अधिक जीएसटी, ५८८.८२. शुक्रवारसाठी मात्र हे कार्ड हातात येणार नाही.

भाई, फोंडा
एक राहिलं. काही दुकानदार मशीनवर २ टक्के वर लावतात. बिल करण्याआधी विचारा. लावत असतील तर १ टक्क्यासाठी कार्ड वापरण्यात अर्थ नाही, यूपीआयने बचत खात्यातून द्या.

खजिनदार, पर्वरी
ठीक. बिलं मंडळाच्या नावे, आणि परतावा वजा करून चेक देईन. पैसा वर्गणीचा आहे.

ताई, म्हापसा
हे खरेदी समितीत ठरायला हवं, या मेलिंग लिस्टवर नाही. कार्डाची खर्च-मर्यादा अडकते कार्डधारकाची, देय तारीख चुकली तर भुर्दंडही त्याचाच. पूर्ण बिल भरलं नाही तर महिना साडेतीन टक्क्यांनी ४०,००० वर १,४०० व्याज, २५२ जीएसटी. ४०० च्या परताव्यापायी. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. परतावा वजा करायचा असेल, तर चेक देय तारखेच्या आठवडाभर आधी मिळेल असं लिहून द्या.

सर, डिचोली
ज्याचं बिल नुकतंच निघालंय त्याचं कार्ड वापरा. १८ ला बिल निघत असेल तर १९ ची खरेदी पुढच्या महिन्याच्या १८ च्या बिलात येते, आणि भरायला त्यापुढे आणखी अठरा-वीस दिवस. मांडववाल्याची अनामत मात्र कार्डावर देऊ नका. परत आली की तिच्यावरचा परतावा बँक काढून घेते, हिशेब दोनदा करावा लागतो.

खजिनदार, पर्वरी
ताई, लिहून देते. चेक देय तारखेच्या दहा दिवस आधी. कॅशबॅक कार्ड आहे आणि बिल या आठवड्यात निघालंय, अशांनी फक्त बिलाची तारीख कळवा. कार्डाचा नंबर लिस्टवर टाकू नका.