चाळिशीनंतरचं हिमशिखर: दोरावर असताना काय सांगितलंत, काय लपवलंत? (अनुभव धागा)

सह्याद्रीत वीस-पंचवीस वर्षं भटकलेले आपल्यातले बरेच जण पंचेचाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा बर्फाच्या डोंगरावर जातात. मुलं मोठी झालेली असतात, रजा मिळते, पायांना चालायची सवय असते. हिमनदीचा अनुभव मात्र नसतो. आणि वयाबरोबर शरीरात जे काही बदललेलं असतं, ते टीममध्ये कुणाला कळू नये असं वाटतं. त्याबद्दलच लिहा, शिखर झालं नसेल तरीही. सुरुवात मी करतो.

पुणे, वय ५१. कांग यात्से-२, लडाख, ६,२५० मीटर

लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पूर्ण विश्रांती घेतली. मग मार्खा खोऱ्यातून चालत निमालिंग आणि तिथून बेसकॅम्प. तयारी मनापासून केली होती. आठ महिने दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर १२ किलो, शेवटच्या दोन महिन्यांत सलग दोनदा. दम आणि गुडघे, दोन्हींनी साथ दिली.

रात्री अकराला निघालो. दगडधोंडे संपून बर्फ सुरू होतो तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे काटे, चढवायचे होते. हेडटॉर्चच्या उजेडात बुटाचा पट्टा मला नुसता धूसर दिसत होता. चाळशी खाली तंबूत. जवळचं दिसत नाही हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण दिवसा सराव करताना सगळं बोटांना पाठ झालं होतं. अंदाजाने पट्टा ओवला आणि निघालो. पुढे उतार उभा झाला तिथे उजवा क्रॅम्पॉन बुटावरून फिरला आणि पाय सुटला. आइस अ‍ॅक्स रुतली, दोर ताणला गेला, मी थांबलो. गाइड खाली उतरून आला, बर्फात गुडघे टेकून त्याने माझा पट्टा बांधला आणि म्हणाला, "सर, नहीं दिख रहा था तो बोल देते."

तो रागावला नव्हता. पण त्या एकाच दोराला आम्ही चौघं बांधलेले होतो, आणि माझ्या पुढचा मुलगा २३ वर्षांचा होता. माथ्यावर पोहोचलो, दूर काराकोरमची रांग दिसली. तरी त्या दिवसातलं सगळ्यात ठळक आठवतं ते त्या मुलाचं वळून बघणं. आता चाळशी दोरीला बांधून गळ्यात असते, जॅकेटच्या आत, म्हणजे काचा गोठत नाहीत.

ठाणे, वय ४९. एल्ब्रुस, रशिया, ५,६४२ मीटर

मी सांगितलं, म्हणून लिहितेय. माझा रजोनिवृत्तीचा काळ सुरू आहे. दिवसातून चार-पाच वेळा अंगातून वाफा निघतात आणि दोन मिनिटांत कपडे ओले होतात. मुंबईत पंखा लावला की झालं. एल्ब्रुसवर पहाटे वारा सुटलेला असताना आतला थर ओला झाला तर शरीराची ऊब भराभर जाते, आणि हा डोंगर वाऱ्यासाठीच ओळखला जातो. टीममध्ये मी एकटीच बाई. गराबाशीला, ३,८४७ मीटरवर, रात्रीच्या जेवणानंतर गाइडला बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, किती वेळ टिकतं, आधी कळतं का?

मग ठरलं की मी दोराच्या शेवटी चालायचं, वाफ येतेय असं वाटलं की हाक मारायची आणि सगळ्यांनी थांबायचं. पूर्व आणि पश्चिम शिखरांमधल्या खिंडीत त्याने आडोसा धरला आणि मी थर्मल बदललं. पश्चिम शिखरावर पोहोचले तेव्हा मी कोरडी होते. माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, दोन जादा थर्मल घ्या आणि आधी सांगा.

सातारा, वय ४६ (तेव्हाचं). स्तोक कांगरी, लडाख

मी डॉक्टर आहे. बेसकॅम्पला माझ्या ५५ वर्षांच्या मित्राने दिवसभर डोकेदुखी लपवली. जेवायला आला तेव्हा पावलं वाकडी पडत होती. त्याला सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत चालायला सांगितलं. चार पावलांत तोल गेला. मेंदूला सूज येत असल्याची ही खूण असते, आणि त्यावर पहिला उपाय एकच, उतरणं. सकाळची वाट बघायची नसते. त्याला सूज कमी करणारं डेक्सामेथासोन दिलं आणि रात्रीच खाली निघालो. पहाटेपर्यंत तो नीट चालत होता.

उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्सच्या गोळीने लक्षणं झाकली जातात, हा समज मात्र चुकीचा आहे. ती श्वास वाढवते, त्यामुळे शरीर उंचीला लवकर रुळतं. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ३,००० मीटरच्या वर मुक्काम दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका. साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो, आणि व्यायामशाळेतल्या तब्येतीला तिथे कोणी विचारत नाही.

पुढच्या खेपेला दोघं मिळून जाऊ असं ठरलं होतं. २०२० मध्ये स्तोक कांगरी चढाईसाठी बंद झालं. आम्हा दोघांचंही ते राहून गेलं.

नागपूर, वय ५८. फ्रेंडशिप पीक, मनाली, ५,२८९ मीटर

रक्तदाबाची गोळी चालू आहे हे फॉर्मवर लिहिलं नाही, नाव कापतील म्हणून. माथ्याच्या बरंच खाली चक्कर आली आणि परत फिरलो. माझ्याबरोबर एक गाइड परतला, म्हणून मागच्या दोघांनाही वर जाता आलं नाही. त्यांची मी माफी मागितली आहे. इथेही मागतो.

झ्युरिक, वय ५४. ब्राइटहॉर्न, ४,१६४ मीटर

सोपं म्हणतात, कारण केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत नेते. पण चालायचं ते हिमनदीवरूनच, आणि भेगा ताज्या बर्फाखाली झाकलेल्या. मला भीती वाटत होती आणि ती मी सांगितली. गाइडने मला स्वतःच्या लगेच मागे घेतलं आणि भेगेवर बर्फाचा पूल असेल तिथे प्रत्येक वेळी आधी काठी खुपसून दाखवली. दुपारी ऊन लागलं की हेच पूल मऊ पडतात, म्हणून पहाटे निघायचं. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा दहा टक्के बर्फ वितळला. परतताना आमच्या गावच्या आटत चाललेल्या विहिरीची आठवण झाली, आणि रडू आलं.

कोल्हापूर, वय ५३

मी ऑगस्टमध्ये कांग यात्सेला चाललेय. पहिला अनुभव वाचून काल रात्री घरातले दिवे बंद केले, हातमोजे घातले आणि हेडटॉर्चवर क्रॅम्पॉन बांधून पाहिले. एका पायाला सात मिनिटं लागली. चाळशी होती, पण उजवा अंगठा संधिवातामुळे पूर्ण वळत नाही. हे अजून घरीही बोलले नव्हते. आज टीमच्या ग्रुपवर लिहिलं आहे.