इंपेलर बदलूनही इंजिन तापतंय? जुन्याची पाती मोजा

होडीच्या इंजिनात नवा इंपेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) टाकूनही दहा मिनिटांत तापल्याचा हॉर्न वाजतो आणि मागची पाण्याची धार करंगळीएवढीही येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. जुना इंपेलर फेकला नसेल तर त्याची पाती मोजा. माझ्या ४० हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डला (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर हेच झालं होतं. सहापैकी दोन पाती गायब! तुटलेलं रबर पाण्याबरोबर वर चढून थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झालं की उघडणारी पाण्याची झडप) तोंडाशी अडकलं होतं. तुकडे जुळवून पातं पूर्ण होईपर्यंत शोध थांबवू नका.

त्याआधी एक सोपी गोष्ट: धार येते त्या भोकात मासेमारीची जाड तंगूस घालून बघा. कधी नुसती वाळू किंवा मीठच साचलेलं असतं. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाका, उघडला नाही तर बदला.

आणि कृपा करून इंजिन कोरडं चालवू नका, अर्ध्या मिनिटातही रबर जळतं. खाडीतून आल्यावर गोड्या पाण्याने १०-१५ मिनिटं धुवा, रोज, कितीही उशीर झाला तरी. हॉर्न वाजला की लगेच इंजिन बंद करून आधी नांगर टाका. किनारा जवळ आहे म्हणून रेटलंत तर हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) जाईल.